हीटर सुरू, तरी मोटारहोम गारच: दोष शोधण्याचा क्रम

मोटारहोम घेतल्यानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात माझा हीटर दर संध्याकाळी बिनतक्रार सुरू होत असे. पंख्याचा आवाज येई, नियंत्रण फलकावर कोणताही दोष-संकेत नसे, आणि तरीही तीन तासांनंतर आतले तापमान १४ अंशांपुढे सरकत नसे. दुरुस्तीच्या एका ठिकाणी मला सर्किट बोर्ड बदलण्याचा सल्ला मिळाला आणि मी तो जवळजवळ मान्यही केला होता. खरे कारण निघाले ते अगदी बिनखर्चाचे. ते काय होते, हे त्याच्या जागी, म्हणजे सातव्या पायरीत सांगेन, कारण तिथवर पोहोचण्याचा क्रम कळला नाही तर ते कारण ऐकूनही उपयोग होत नाही.

हा लेख नव्याने मोटारहोम वापरू लागलेल्यांसाठी आहे. हीटर अजिबातच सुरू होत नसेल तर फलकावरचा दोष-संकेत बहुधा वाट दाखवतो. हीटर चालतो पण पुरेशी ऊब मिळत नाही, ही तक्रार त्याहून अवघड असते, कारण तेव्हा यंत्र स्वतःहून काहीच सांगत नाही आणि माणूस अंदाजाने सुटे भाग बदलत बसतो.

आधी जवळ ठेवायच्या गोष्टी

- हीटरची माहितीपुस्तिका आणि हीटरवरच्या पट्टीवरील मॉडेल व अनुक्रमांक यांचा फोटो
- मोटारहोमची मूळ पुस्तिका, विशेषतः गरम हवेचे पाइप किंवा पाण्याच्या नळ्या कुठून जातात तो आराखडा
- गॅस जोडणीच्या मागील तपासणीचा दाखला
- दोन-तीन साधे डिजिटल थर्मामीटर
- मल्टिमीटर
- विजेरी, लहान आरसा, वही आणि पेन
- साबणाचे पाणी आणि मऊ ब्रश
- चालू स्थितीतला कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म

यादीतली शेवटची वस्तू नसेल, तर पुढचे काहीही करण्यापूर्वी ती आणा. कार्बन मोनॉक्साइडला रंग नसतो आणि वासही नसतो; डोके दुखणे, मळमळ आणि गुंगी ही त्याची लक्षणे प्रवासाचा थकवा समजून सहज दुर्लक्षिली जातात. राहत्या वाहनांसाठी ईएन ५०२९१-२ या मानकानुसार बनवलेले अलार्म मिळतात, तेच घ्यावेत, कारण वाहनातले हादरे गृहीत धरून ते तपासलेले असतात. गॅसचा वास आला तर सिलिंडर बंद करा, दारे उघडा, विजेचे कोणतेही बटण दाबू नका आणि बाहेर पडा. एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळे तो जमिनीलगत साचतो आणि तो बाहेर जावा म्हणूनच गाडीच्या तळाला भोके ठेवलेली असतात. थंडी वाजते म्हणून ती भोके बुजवणारे लोक मी पाहिले आहेत.

## १. आपल्याकडे कोणता हीटर आहे, ते ओळखा

मोटारहोममध्ये साधारणपणे चार प्रकारे ऊब मिळते. पहिला प्रकार गॅसवर चालणाऱ्या आणि पंख्याने गरम हवा पसरवणाऱ्या हीटरचा. ट्रुमा कॉम्बी हे त्याचे सर्वत्र दिसणारे उदाहरण असून त्यातच १० लिटर पाणी तापवण्याची टाकीही असते. दुसरा डिझेलवर चालणारा हवेचा हीटर. वेबास्टो आणि एबर्सपेशर यांचे लहान हीटर सुमारे २ किलोवॉटचे असतात. तिसरा आल्डेसारखा, ज्यात ग्लायकोल (पाणी गोठू न देणारा द्रव) मिसळलेले पाणी तापवून ते भिंतीलगतच्या कन्व्हेक्टरमधून, म्हणजे हवेला ऊब देणाऱ्या नळ्यांमधून, फिरवले जाते. चौथी ऊब इंजिनाची. ती चालत्या गाडीत चालकाच्या भागापुरती असते आणि मागचे सगळे घर तिने तापावे ही अपेक्षाच चुकीची आहे.

इंजिनाच्या उबेबद्दल इथेच थोडक्यात सांगून पुढे जातो. चालकाच्या पायाशी येणारी हवा कोमट असेल, तर इंजिन थंड असताना कूलंटची पातळी पाहा. तापमानाचा काटा लांबच्या प्रवासातही नेहमीपेक्षा खाली राहत असेल तर इंजिनाचा थर्मोस्टॅट (कूलंटची वाट उघड-बंद करणारा वाल्व) उघडा अडकल्याचा संशय घ्या. काटा योग्य जागी असेल आणि हीटरकडे जाणाऱ्या दोन नळ्यांपैकी एक गरम व दुसरी गार असेल, तर हीटरचे आतले रेडिएटर तुंबलेले असते किंवा त्याचा वाल्व बंद असतो.

## २. उष्णता तयार होत नाही, की पोहोचत नाही?

पूर्ण तपासणीतली सर्वांत महत्त्वाची पायरी हीच आहे आणि बहुतेक जण हीच वगळतात. बाहेर थंडी असताना हीटरचा थर्मोस्टॅट सर्वांत वरच्या आकड्यावर लावा, हवेची सगळी तोंडे पूर्ण उघडा आणि २० मिनिटे थांबा. मग हीटरच्या सर्वांत जवळच्या तोंडापासून सर्वांत दूरच्या तोंडापर्यंत प्रत्येक ठिकाणी थर्मामीटर दोन-दोन मिनिटे धरून आकडे वहीत लिहा. बसण्याच्या जागेचे आणि बाहेरचे तापमानही लिहा. अर्ध्या तासाने हेच पुन्हा करा.

जवळचे तोंडसुद्धा कोमटच असेल, तर उष्णता मुळात कमी तयार होते आहे. इंधन आणि वीज तपासा, म्हणजे पायरी ३ ते ६. जवळचे तोंड चांगले तापले असून दूरचे गार असेल, तर दोष पाइपांच्या मार्गात आहे, म्हणजे पायरी ७. सगळी तोंडे गरम असून खोलीचे तापमान वाढत नसेल, तर उष्णता तयार होते आहे आणि तेवढ्याच वेगाने बाहेर जाते आहे, तेव्हा थेट दहाव्या पायरीकडे जा. चौथी शक्यता फसवी असते: सुरुवातीला हवा छान गरम येते आणि दहा-पंधरा मिनिटांनी आपोआप कोमट होते. त्यामागे गोठू पाहणारा गॅस, स्वतःच तापून मंदावणारा हीटर किंवा चुकीच्या जागी बसवलेला सेन्सर यांपैकी काहीतरी असते, म्हणून या प्रसंगी पायऱ्या ४, ७ आणि ९ तिन्ही पाहाव्या लागतात.

ही मोजणी हाताच्या अंदाजाने करू नका. गारठलेल्या हाताला २५ अंशांची हवाही गरम वाटते.

## ३. सेटिंग आणि बाहेरची वीज

गॅस आणि वीज अशा दोन्हींवर चालणाऱ्या हीटरमध्ये सर्वाधिक आढळणारी चूक म्हणजे तो केवळ विजेवर राहून जाणे. अशा हीटरचा विजेचा भाग बहुधा ९०० किंवा १८०० वॉटचा असतो, तर गॅसवर तोच हीटर ४ किंवा ६ किलोवॉट देतो. कडक थंडीत ९०० वॉटवर मोटारहोम तापणार नाही, आणि यात दोष कशातच नाही. मुक्कामाच्या जागी मिळणारी वीज ६ अँपिअरची असेल तर २३० व्होल्टला ती १३८० वॉटपर्यंतच जाते; त्यावर १८०० वॉट लावले की तिथला ब्रेकर पडतो आणि मध्यरात्री तो कुणाच्या लक्षात येत नाही. थंडीत गॅस आणि वीज दोन्ही एकत्र चालवण्याची सोय असेल तर ती वापरा.

रात्रीसाठी लावलेला शांत मोड आणि कमी तापमानाचा टायमर हेही एकदा पाहून घ्या. तिथे सांगण्यासारखे आणखी काही नाही.

## ४. गॅस

सिलिंडरमध्ये द्रव असतो आणि त्याची वाफ झाली तरच हीटरला गॅस मिळतो. ब्युटेनची वाफ होणे उणे अर्ध्या अंशाच्या आसपास थांबते, तर प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वाफ देत राहतो. म्हणून थंडीत प्रोपेनच हवा. मिश्र गॅसच्या सिलिंडरमध्ये एक वेगळीच गंमत होते: आधी प्रोपेन निघून जातो आणि तळाला ब्युटेनचे प्रमाण वाढत जाते. परिणामी सिलिंडर उचलून पाहिला तर जड लागतो, दुपारी शेगडीही नीट पेटते, आणि पहाटे मात्र हीटर मान टाकतो. ही तक्रार ऐकली की मी आधी सिलिंडरवर काय लिहिले आहे तेच विचारतो.

दुसरा मुद्दा वेगाचा. ६ किलोवॉटचा हीटर पूर्ण ताकदीवर तासाला जवळजवळ अर्धा किलो गॅस खातो. लहान सिलिंडरमधून इतक्या वेगाने वाफ काढली की आतला द्रव स्वतःच थंड होत जातो, सिलिंडरच्या खालच्या भागावर दव आणि मग हिमाचा थर दिसू लागतो आणि दाब घसरतो. मोठा सिलिंडर किंवा दोन सिलिंडर एकत्र जोडणे हा त्यावरचा उपाय आहे. सिलिंडरवर गरम पाणी ओतणे किंवा त्याला कशाने तरी शेकणे हा उपाय नव्हे, तो धोका आहे.

दाबाची घरगुती चाचणी सोपी आहे. शेगडीचा एक बर्नर मध्यम आचेवर पेटवा आणि मग हीटर पूर्ण ताकदीवर सुरू करा. हीटर पेटताक्षणी शेगडीची ज्योत स्पष्टपणे खुजी झाली, तर गॅसचा पुरवठा अपुरा आहे: सिलिंडर संपत आला आहे, वाल्व अर्धवट उघडा आहे, किंवा रेग्युलेटर तुंबला आहे. रेग्युलेटर तुंबण्याचे नेहमीचे कारण म्हणजे गॅसबरोबर येणारा तेलकट अंश. रेग्युलेटर सिलिंडरच्या वाल्वपेक्षा उंचीवर असावा आणि नळी त्याच्याकडे चढती जावी, म्हणजे नळीत साचलेला द्रव परत सिलिंडरकडे ओघळतो. नळीवर छापलेले वर्ष पाहा आणि जोडांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते बघा; काडी पेटवून गळती शोधण्याचा प्रकार कधीही करू नका. यापुढचे काम, म्हणजे दाब मोजणे, रेग्युलेटर बदलणे आणि जोडणी उघडणे, परवानाधारक गॅस तंत्रज्ञाचे आहे.

## ५. डिझेल

डिझेल हीटरचा पंप टिक-टिक असा आवाज करतो आणि ताकद वाढली की ती टिक-टिक भरभर होते. शांत जागी गाडीखाली कान देऊन ऐका. पंप भरभर चालूनही हवा कोमट असेल, तर पंपातून डिझेलबरोबर हवेचे बुडबुडे जात आहेत का ते पारदर्शक नळीत दिसू शकते. टाकीतून डिझेल उचलणारी हीटरची नळी मुद्दाम तळापासून वर संपवलेली असते, जेणेकरून हीटरने इंजिनासाठीचे सगळे इंधन संपवू नये. त्यामुळे टाकी पाव भागाच्या खाली गेली की काही गाड्यांत हीटर अडखळू लागतो. उन्हाळ्यात भरलेले डिझेल टाकीत घेऊन थंड प्रदेशात जाणे हीही अशीच चूक आहे. त्यातले मेण गोठून बारीक नळी आणि गाळणी आधी तुंबतात, इंजिनाचा त्रास नंतर सुरू होतो.

मात्र डिझेल हीटर अशक्त होण्याचे मला सर्वाधिक दिसलेले कारण काजळी हे आहे. बाहेर फारशी थंडी नसताना हीटर तासन्‌तास मंद चालवला की ज्वलन अपुरे होते आणि ज्वलनकक्षात कार्बनचा थर बसतो. सुरू होताना बराच वेळ पांढरा धूर निघणे म्हणजे न जळलेले डिझेल, आणि चालताना काळा धूर म्हणजे हवेच्या मानाने इंधन जास्त. आठवड्यातून एकदा तरी खिडकी थोडी उघडून हीटर अर्धा तास पूर्ण ताकदीवर चालवल्यास हा थर वाढत नाही. एकदा घट्ट बसला की मात्र कक्ष उघडून साफ करावा लागतो. साधारण १५०० मीटरपेक्षा उंचावर हवा विरळ होते आणि मिश्रणात इंधन जास्त पडते, म्हणून तिथे उंचीनुसार इंधन कमी करणारी सोय हीटरमध्ये आहे का हे पुस्तिकेत पाहा.

गाडीखालचे हवा ओढणारे तोंड आणि धूर सोडणारा पाइप चिखल, बर्फ किंवा कीटकांच्या घरट्याने बंद नाहीत ना, हेही बघा. आणखी एक सापळा असा की हीटर बंद करण्यासाठी काही जण मुख्य वीजच तोडतात. बंद होताना पंखा काही मिनिटे चालून बर्नर थंड करतो. ती संधी दिली नाही तर आतले भाग भाजून निघतात.

## ६. बॅटरी आणि तारा

पंखा १२ व्होल्टवर चालतो, त्यामुळे बॅटरी मरगळली की हवा हळू वाहते. विश्रांतीत असलेल्या पूर्ण भरलेल्या लेड-ॲसिड बॅटरीचा आकडा १२.७ व्होल्टच्या आसपास आणि निम्म्या भरलेलीचा १२.२ च्या आसपास असतो. पण खरी मोजणी हीटरच्या स्वतःच्या जोडांवर आणि हीटर पेटत असतानाच करायची. डिझेल हीटरचा ग्लो प्लग (तापून इंधन पेटवणारा भाग) पेटताना ८ ते १० अँपिअर ओढतो. तारांमध्ये आणि फ्यूजच्या गंजलेल्या जोडांमध्ये मिळून केवळ ०.१ ओहमचा रोध असला तरी १० अँपिअरला १ व्होल्ट वाटेतच गळतो. बॅटरीवर १२.२ आणि हीटरवर ११.२ असा फरक दिसला, तर नवी बॅटरी विकत घेण्याआधी जोड घासून घट्ट करा आणि तार पुरेशी जाड आहे का ते पाहा.

## ७. हवेची ये-जा

आता माझ्या चौदा अंशांची गोष्ट. माझा हीटर पलंगाखाली होता आणि त्या कप्प्यात मी जादा रजया, उशा आणि हिवाळी कपड्यांच्या पिशव्या ठासून भरल्या होत्या. गरम हवा बाहेर पडायची असेल तर तितकीच गार हवा हीटरकडे परत यावी लागते, ही साधी गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. परतीची हवा न मिळाल्यामुळे हीटर स्वतःच्याच उष्णतेत तापे, आतला सुरक्षा-सेन्सर त्याची ताकद कमी करी आणि फलकावर मात्र सगळे आलबेल दिसे. पिशव्या काढून मी कप्प्याचे दार उघडे ठेवले, तेव्हा तासाभरात तापमान २० अंशांवर गेले. सर्किट बोर्ड आजही तोच आहे.

म्हणून हीटरच्या भोवती पुस्तिकेत सांगितलेली मोकळी जागा सोडा आणि त्या कप्प्याची जाळी किंवा फट उघडी आहे याची खात्री करा. सामान ठेवायचेच असेल तर मध्ये फळी घाला, म्हणजे प्रवासात ते सरकून हीटरला चिकटणार नाही.

त्यानंतर पाइप तपासा. ते पातळ आणि लवचीक असतात. कपाटात जड वस्तू ठेवली की चेपतात आणि हादऱ्यांनी जोडातून निसटतात. निसटलेला पाइप ओळखण्याची खूण अशी की एखादे बंद कपाट किंवा बाकाखालचा कप्पा खोलीपेक्षा जास्त उबदार लागतो. आरसा आणि विजेरी घेऊन पाइप टोकापासून टोकापर्यंत पाहा. लांबच्या तोंडाला हवा कमी मिळत असेल तर जवळची तोंडे थोडी बंद करून वाटणी साधा, मात्र सगळी एकदम बंद करू नका. गाडीच्या तळाखालून उघड्यावर जाणाऱ्या पाइपावरचे आवरण फाटले असेल, तर रस्ता तापवण्याचे काम तुमच्या गॅसवर चालू आहे असे समजा.

## ८. पाणी फिरवणारी यंत्रणा असेल तर

इथे पहिला संशय नळ्यांत अडकलेल्या हवेवर घ्या. एक कन्व्हेक्टर गरम आणि पुढचा गार, किंवा भिंतीतून खळखळ आवाज, ही तिची लक्षणे आहेत. यंत्रणा थंड असताना टाकीतली पातळी पाहा, मग हवा सोडण्याचे स्क्रू एकेक करून उघडा आणि द्रव येऊ लागताच बंद करा. गाडी उतारावर आधी एका दिशेने आणि मग उलट दिशेने उभी करून पंप चालवल्यास हट्टी हवाही सरकते. पातळी कमी असेल तर आधीच्याच जातीचे ग्लायकोल घाला. वेगवेगळ्या जाती मिसळल्याने गाळ तयार होऊ शकतो. किती वर्षांनी द्रव बदलायचा हे त्याच्या जातीवर अवलंबून असते, म्हणून शेवटच्या बदलाची तारीख टाकीवर लिहून ठेवा.

कन्व्हेक्टरमध्ये पंखा नसतो. गार हवा खालून शिरून तापून वर जाते, आणि बाकाच्या गाद्या किंवा पलंगावरचे पांघरूण वरची फट झाकत असेल तर पाणी कितीही गरम असले तरी ऊब भिंतीतच राहते.

## ९. सेन्सरची जागा

थर्मोस्टॅटचा सेन्सर जिथे असतो तिथलेच तापमान हीटरला कळते. माझ्या ओळखीच्या एका गाडीत तो कपाटाच्या पातळ फळीवर होता आणि फळीच्या मागूनच गरम हवेचा पाइप जात होता. सेन्सर २२ अंश दाखवी आणि माणसे १६ अंशांत कुडकुडत. सेन्सरशेजारी एक आणि बसण्याच्या जागी एक असे दोन थर्मामीटर तासभर ठेवा. तीन-चार अंशांहून जास्त फरक असेल तर सेन्सर दिवे, टीव्ही, दार आणि हवेची तोंडे यांपासून दूर, बसलेल्या माणसाच्या छातीच्या उंचीवर हलवणे चांगले.

## १०. ऊब जाते कुठे?

चालकाच्या भागाची काच ही एकेरी असते आणि सर्वांत मोठी गळती तिथूनच होते. बाहेरून लावायचे उष्णतारोधक आवरण आतल्या पडद्यापेक्षा जास्त कामाचे ठरते, कारण मग काच थंड पडून तिच्यावर ओल धरत नाही. जाड पडद्याने चालकाचा भाग रात्री तोडून टाका, पायरीचा खळगा झाका आणि फ्रिजच्या बाहेरच्या जाळ्यांना त्याच उत्पादकाची हिवाळी झाकणे लावा. छतावरच्या आणि तळाच्या कायमस्वरूपी वायुवीजनाच्या फटी मात्र उघड्याच राहायला हव्यात.

तुमच्या गाडीकडून किती अपेक्षा ठेवायची हेही पुस्तिकेत असते. ईएन १६४६-१ या युरोपीय मानकात उबेच्या श्रेणी आहेत. तिसऱ्या श्रेणीची गाडी उणे १५ अंशांत गारठवून मग चार तासांत आत २० अंश गाठू शकते का, हे पाहिले जाते. तुमची गाडी दुसऱ्या श्रेणीची असेल आणि बाहेर उणे १० असेल, तर १५ अंशांवर अडकलेला काटा हा बिघाड नसून गाडीची मर्यादा असू शकते.

## ११. तंत्रज्ञाकडे जाताना

इथवर येऊनही कारण सापडले नसेल, तर वहीतल्या नोंदी घेऊन जा: प्रत्येक तोंडाचे तापमान, बाहेरचे तापमान, पेटताना हीटरवरचे व्होल्टेज, कोणता गॅस, टाकीत किती डिझेल, आणि हवा किती मिनिटांनी कोमट होते. कोणताही भाग बदलण्याआधी त्याचा दोष कोणत्या मोजणीतून दिसला हे विचारा आणि काढलेला जुना भाग परत मागून घ्या. गॅसच्या कामानंतर गळती-चाचणीचा दाखला घेतल्याशिवाय गाडी ताब्यात घेऊ नका, आणि हीटर त्यांच्यासमोर किमान अर्धा तास पूर्ण ताकदीवर चालवून, आपलाच थर्मामीटर लावून पाहा; पहिली पाच मिनिटे तर माझा हीटरसुद्धा उत्तम चालत असे.